पापुद्र्याचा बर्फ

२००४ साल. पासपोर्टावर मी पंचावन्न वर्षांचा होतो आणि खरा अठ्ठावन्न. जन्माची तारीख मास्तरांनी अंदाजाने घातली होती आणि ती सुधारून घ्यायला चौथीनंतर मी शाळेची पायरी काही चढलो नाही.

जेद्द्याला समुद्राच्या बाजूला एक मोठा बाजार होता, काचेचा, चार मजली. त्याच्या पोटात बर्फाचं मैदान. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि आत लोक स्वेटर घालून पात्यांचे बूट लावून घसरतायत. हा बर्फ मी बनवायचो. दुसरं कुणी नाही, मी. माणूस बर्फावर उभा राहतो तेव्हा त्याला वाटतं जमीनच आहे. ती जमीन नसते, रोज कुणीतरी ती घालत असतो.

बर्फ मला नवा नव्हता. चौदाव्या वर्षी रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागलो. अमोनियाचा वास नाकात बसला तो अजून गेलेला नाही. होड्यांना लाद्या द्यायच्या. लादी पांढऱ्या पोटाची निघाली की होडीचा तांडेल ती पायाने ढकलून परत करायचा, कारण पांढरं पोट म्हणजे आत हवा, आणि हवेचा बर्फ अर्ध्या वाटेत पाणी होतो. अशी पंचवीस-तीस वर्षं लाद्या ओढल्यावर मी मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर सौदीत आलो आणि तिथून या मैदानावर.

मैदान बसवायला एक थंड मुलकातला गोरा फिटर आला होता. तो म्हणाला, बर्फावर शेवटचा हात गरम पाण्याचा फिरवायचा. मी हसलो. आयुष्यभर बर्फ केला आणि हा मला सांगतो गरम पाणी घाल. आठ दिवस मी त्याचं ऐकलं नाही. मग त्याने अर्ध्या मैदानावर गरम घातलं, अर्ध्यावर माझ्या हातून थंड घालून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मला दोन्हीकडे काठीने ठोकायला लावलं. त्याच्या बाजूचा आवाज दगडाचा. माझ्या बाजूचा पिकलेल्या फणसाचा. थंड पाणी खालच्या कडक बर्फाला लागायच्या आतच वरून गोठतं आणि मध्ये पोकळ राहतं. भाकरी फुगली की वर पापुद्रा सुटतो ना, तसं. गरम पाणी खालच्या बर्फाला जरासं वितळवतं आणि मग दोघं एक होतात. त्या दिवशी मी मान्य केलं, आणि एकदा मी मान्य केलं की मला तिथून कुणी हलवू शकत नाही.

शुक्रवारी सकाळी बाजार बंद असायचा. तेव्हा आठ वाजेपर्यंत मैदान हॉकीवाल्यांचं. हॉकी म्हणजे आपली गवतावरची नाही. चेंडूच्या जागी काळी रबराची चकती, हातात लांब काठी, पायाला पाती, आणि अंगावर इतका कापूस की माणूस गादीसारखा दिसतो. चकती बाजूच्या फळीवर आपटली की बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज व्हायचा. सुरुवातीला झाडूवाले बंगाली पळून जायचे. खेळणारे सगळे परदेशी, कुणी तेलातले, कुणी बँकेतले, आणि अमेरिकेत शिकून आलेली चार-पाच सौदी पोरं.

त्यांच्यात एक कॅनडाचा डॉक्टर होता, उंच, हाडांचाच डॉक्टर. पुढचे दोन दात नव्हते. पंधराव्या वर्षी चकतीने नेले म्हणे. खोटे दात होते ते खेळायच्या आधी काढायचा, एका छोट्या डबीत घालायचा आणि डबी माझ्या हातात द्यायचा. इस्पितळातल्या आपल्या लोकांकडून हिंदी शिकलेला.

"चाचा, मेरा दाँत संभालो," म्हणायचा.

मी डबी सदऱ्याच्या खिशात ठेवायचो. दर शुक्रवारी. बाजारातल्या कुणाच्या खिशात दुसऱ्याचे दात नव्हते.

खेळून झाल्यावर तो फळीवर बसून घाम पुसायचा आणि बोलायचा. त्याचा बाप तळ्यावर खेळायचा. डोक्यावर लोकरीची टोपी, बस. गोलच्या जाळीसमोर उभा राहणारा माणूससुद्धा उघड्या तोंडाने उभा राहायचा आणि गावात कुणाचं नाक सरळ नव्हतं. आता टोप आलाय, तोंडाला जाळी आलीय, पुढे मानेलाही पट्टा बांधतील, कारण पात्याने मान कापते. त्याच्या गावचं तळं आता उशिरा गोठतं, लवकर फुटतं. पुढे हा खेळ यंत्राच्या बर्फावरच राहील असं तो म्हणायचा. एकदा म्हणाला, "चाचा, अंगावर पाहिजे तेवढं घालता येतं. पायाखाली काय आहे ते मात्र दुसऱ्यावर सोडावं लागतं." म्हणजे माझ्यावर. त्या दिवशी खोलीवर गेलो तो छाती पुढे काढून.

आता त्या इंजिनियरबद्दल लिहितो. त्याचं नाव मी घेत नाही, त्याचा मान राखायचा म्हणून नाही, माझ्या कागदावर त्याला जागा द्यायची नाही म्हणून.

तो आमच्याच तालुक्यातला, खाडीपलीकडच्या गावचा. डिप्लोमा केलेला, पस्तिशीचा. त्याचा बाप माझ्या ओळखीचा. मीच मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे, शब्द टाकला, मीच म्हटलं की आमचा पोरगा हुशार आहे. व्हिसा आला. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात पडेपर्यंत तीन महिने तो माझ्या खोलीत झोपला. माझ्या टोपातला भात खाल्ला. चाचा, चाचा करत माझ्यामागे फिरला. वर्षभरात तो माझा साहेब झाला. होऊ दे, शिकलेला माणूस वर जातो, त्याचं मला दुःख नव्हतं.

मग त्याने गरम पाणी बंद केलं. पाण्याचा हिटर वीज खातो, मुदीरला खूश करायचं होतं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पापुद्रा धरेल. तो म्हणाला, बघू. आठवड्याने परत सांगितलं. तेव्हा तिथे दोन बंगाली होते आणि पात्यांना धार लावणारा फिलिपिनो होता. माझ्याशी तो नेहमी आपल्या भाषेत बोलायचा. त्या दिवशी हिंदीत बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून.

"चाचा, आप चौथी पास हो. यह साइंस है, मच्छी का बर्फ नहीं."

बंगाली हसले. फिलिपिनो पण हसला. मी गाडी चालू केली. बर्फाची गाडी, पुढून खरवडते आणि मागून पाणी पसरते. थंड पाणी पसरलं. साहेबाचा हुकूम.

पुढचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आता वय झालंय, लिहून टाकतो.

त्या शुक्रवारी पहाटे पाणी घालून झाल्यावर मी मैदानाच्या त्या कोपऱ्यात गेलो जिथे थंडाव्याचे नळ आधी आत येतात. तो कोपरा नेहमी जास्त कडक. काठीच्या मुठीने ठोकलं. फणस. चांगला पिकलेला फणस. मी वाकून परत ठोकलं. तोच आवाज. गाडीत गरम पाणी भरून तेवढा कोपरा पाऊण तासात सारखा करता आला असता. साहेब अजून आला नव्हता, मला अडवायला कुणी नव्हतं.

मी स्वतःला म्हटलं, होऊ दे. कुणीतरी आपटेल, ढुंगण शेकेल, तक्रार वर जाईल, आणि याचं साइंस बाहेर निघेल.

खेळ सुरू झाला. डॉक्टरने डबी दिली. वीस मिनिटांनी तो चकतीमागे त्याच कोपऱ्यात गेला. पातं आत गेलं आणि अडकलं. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. फळीवर आदळला तो आवाज चकतीसारखाच होता, पण त्यानंतर कुणी ओरडलं नाही, आणि त्यावरून सगळ्यांना कळलं. घोट्याच्या वर पाऊल भलतीकडेच वळलं होतं. हाडांचा डॉक्टर तो, स्वतःच्या पायाकडे बघून त्याने स्वतःच सांगितलं कुठे मोडलंय. स्ट्रेचर दाराशी गेलं तेव्हा मी धावलो. डबी त्याच्या हातात दिली. एवढ्या दुखण्यात तो माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर माझ्याकडे एक कागद घेऊन आला. इंग्रजीत टाइप केलेला, पानभर.

"चाचा, काल ड्युटीवर कोण कोण होतं त्याचा कागद आहे. सगळ्यांनी सह्या केल्यात. तुम्ही पण करा."

आता हे नीट समजून घ्या. त्या बाजारात माझ्या वयाचे बरेच कामगार अंगठा लावायचे. मी सही करायचो. मराठीत, पूर्ण नाव, वर रेघ ओढून. ती सही माझी इज्जत होती. आणि कागदात काय लिहिलंय असं विचारलं असतं, तर मला वाचता येत नाही हे चौथी पास म्हणणाऱ्याच्या तोंडावर कबूल करावं लागलं असतं. मी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, वाचल्यासारखी मान हलवली, आणि सही केली. रेघ जरा लांबच ओढली.

आठ दिवसांनी मला गाडीवरून उतरवलं. पात्यांच्या बुटांच्या खिडकीवर बसवलं. लोकांच्या मोज्यांचा वास घ्यायचा, नंबर बघून बूट द्यायचे, परत आले की आत फवारा मारायचा. इंजिनियर येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी मुदीरला खूप सांगितलं चाचा, ऐकतच नाही." मी मुदीरला मनात शिव्या घातल्या. याचा हात खांद्यावर राहू दिला. ते आठवलं की अजून तो खांदा झटकावासा वाटतो.

शुक्रवारी घरी फोन केला तर बायको म्हणाली, "अवो, लोकं बोलतायत, तुमच्या चुकीनं कुणा डॉक्टराचा पाय मोडला म्हणून. मोहल्ल्यात सगळ्यांस ठावं हाय."

मी विचारलं कोण बोलतं. म्हणाली, खाडीपलीकडून आलं. इंजिनियरची बायको पाणी भरताना कुणाजवळ बोलली होती. ज्या बंदरावर मी तीस वर्षं बर्फ ओढला त्या बंदरावर आता माझं नाव पांढऱ्या पोटाच्या लादीसारखं पायाने ढकलत होते. तेव्हा थोडं डोक्यात आलं. पण खात्री नव्हती. खात्रीशिवाय मी हात उचलत नाही.

खात्री डॉक्टरनेच आणून दिली. दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन आला, माझ्या खिडकीसमोर टेकला. तोंडात दात होते. दात घातलेला तो मला परका वाटला. त्याने खिशातून कागदाची झेरॉक्स काढली. विमावाल्यांनी त्याला दिलेली.

"यह तुम्हारा साइन है?"

माझीच. लांब रेघेसकट.

त्याने एक एक ओळ हिंदीत करून सांगितली. मी लिहिलं होतं म्हणे, की मला गरम पाणी घालायचा हुकूम होता. मी आळसाने थंड घातलं. साहेबाने मला दोनदा ताकीद दिली होती. माझी नजर कमी झाली आहे. खाली माझं नाव, मराठीत, सुरेख.

डॉक्टर म्हणाला, "मला पटलं नाही, म्हणून तुलाच विचारायला आलो."

मी त्याला सगळं सांगितलं. हिटर, हुकूम, चौथी पास. एक गोष्ट सोडून. फणसाची गोष्ट मी सांगितली नाही.

त्याच्या प्लास्टरवर लोकांनी पेनाने कायकाय लिहिलं होतं. मी तिकडे बघत नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी मोठा सामना ठरला होता. दुबईहून संघ येणार होता. बाजाराचा मालक, ज्याच्या नावावर आमचे व्हिसे तो आमचा सगळ्यांचा कफील, स्वतः पाहुणे घेऊन बसणार होता. इंजिनियर आठवडाभर गळ्यात टाय बांधून फिरत होता. मालकासमोर गाडी तो स्वतः चालवणार होता. हिटर अजून बंदच. डॉक्टरच्या पायाचा दोष माझ्या नावावर गेल्यामुळे त्याला वाटलं होतं पाणी बदलायची गरज नाही. स्वतःचीच खोटी गोष्ट त्याने स्वतः खरी मानली. शिकलेला माणूस चुकतो तो असा.

मी ठरवलं, गप्प बसायचं. मालकासमोर, दुबईवाल्यांसमोर, त्याच्या टायसमोर कुणाचातरी पाय जाऊ दे. आठवडाभर मी रोज रात्री तेच दृश्य बघत झोपलो आणि झोप चांगली लागली. गुरुवारी संध्याकाळी मशिदीत इमामसाहेब नेमके माफीवर बोलले. एवढ्या वर्षांत तेवढी अरबी मला कळायला लागली होती. मी कळत नसल्यासारखा बसलो.

शुक्रवारी सकाळी मालक आला. गालिचा टाकलेला, खुर्च्या, कहवा, खजूर. डॉक्टर पुढच्या रांगेत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. इंजिनियर गाडीवर बसून मैदानभर फिरला. गरम पाणी घातलं की गाडीच्या मागे वाफेचा पदर उठतो. त्या दिवशी मागे काही नव्हतं. मी खिडकीत बसून बघत होतो आणि मला आतून गोड लागत होतं.

तेवढ्यात दुबईचा एक खेळाडू माझ्या खिडकीशी आला. तरुण, दाढीवाला. डॉक्टरकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी म्हणाला, हसला, आणि तोंडातून दात काढून रुमालात बांधून माझ्या हातात दिले. डॉक्टरने त्याला सांगितलं असणार, इथे दात चाचाकडे ठेवतात.

रुमाल गरम होता. ओला.

मी काय देवमाणूस नाही. त्या इंजिनियरवर मला दया आली नाही, तसूभरही नाही. पण ज्याने माझं काही वाकडं केलं नाही त्याचे दात हातात घेऊन बसायचं आणि त्याच्या पायाची वाट बघायची, हे एकदा करून झालं होतं. दुसऱ्यांदा जमेना. आणि असंही डोक्यात आलं की पाय मोडला तर पुन्हा कागद येईल, पुन्हा कुणाची तरी सही लागेल. त्यापेक्षा मालक समोर बसलाय. सूड घ्यायचा तर उजेडात, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाडाने का मोजायची?

रुमाल खिशात ठेवला. रबरी बूट चढवले. फळीला टेकवलेली एक काठी उचलली आणि मैदानावर चालत गेलो. खेळाडू कडेला उभे होते, शिटी व्हायची होती.

इंजिनियर फळीच्या दारातून हळूच म्हणाला, "चाचा, बाहेर या. मालक बघतायत."

"बघू दे म्हणूनच आलोय. तू पण ये. तुझा बर्फ आहे ना? या कोपऱ्यात येऊन नाच दोन मिनिटं."

"चाचा, पाया पडतो."

"पाया नंतर पड. आधी पाय ठेव."

तो आला नाही. दारातच उभा राहिला. न येण्यानेच त्याने अर्धी कबुली दिली.

मी काठी उलटी धरून मुठीने ठोकलं. फणस. मग दोन्ही हातांनी घातली. बर्फ फुटला तो पापडासारखा. खाली बोटभर पोकळी. ताटाएवढा तुकडा निघाला, पातळ, पांढऱ्या पोटाचा. तो दोन्ही हातांवर घेऊन मी मालकासमोर गेलो आणि त्याच्या हातात ठेवला. त्याच्या पांढऱ्या पायघोळ थोबच्या बाहीवरून पाणी ओघळलं. मुदीर धावत आला. मालकाने त्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, हे काय.

मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, "मोया बारिद." थंड पाणी.

"कोणी घातलं?"

मी इंजिनियरकडे बोट केलं. डॉक्टर कुबड्यांवर उठला, तो कागद घेऊन आला आणि मालकाशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. मालक अमेरिकेत शिकलेला. त्याने कागदावरची माझी सही बघितली, माझ्याकडे बघितलं, मग मला एवढंच विचारलं की बर्फ नीट करायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, हिटर तापू दे, पाणी दोनदा फिरवतो, दीड तास. तो म्हणाला, यल्ला, लाग कामाला.

दोन महिन्यांनी परत गाडीवर बसलो. मागे वाफ उठली तशी कडेच्या खेळाडूंनी काठ्या फळीवर आपटल्या. त्यांच्यात टाळ्या तशाच वाजवतात. सामना जुम्म्याच्या नमाजाआधी संपला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. कुणाचं पातं आत गेलं नाही, ते आठवतं. दाढीवाल्याचे दात त्याला परत दिले.

डॉक्टर जाताना म्हणाला, "चाचा, तू नसतास तर आज आणखी एकजण कुबड्यांवर असता." मी मान खाली घातली. त्याला वाटलं मी नम्र आहे.

दुपारी नमाज होऊन खोलीवर आलो तर इंजिनियर दारात उभा. टाय नव्हता. मुदीरने त्याला खलास सांगितलं होतं, पासपोर्टवर परत न येण्याचा कायमचा शिक्का मारून घरी पाठवणार. चपला बाहेर काढून आत आला आणि जमिनीवर बसला, पहिल्या तीन महिन्यांत बसायचा त्याच जागी.

"चाचा, मालक तुमचं ऐकेल. एक शब्द टाका. घराचं काम अर्धं राहिलंय."

मी चहा ठेवला. त्याला दिला नाही.

तो रडला. म्हणाला, मुदीरची भीती वाटली. म्हणाला, तुमची नोकरी जाणार नाही याची मी काळजी घेतली होती. म्हणाला, मोठ्या मनाने माफ करा.

मी म्हटलं, "माफी मागू नकोस, मिळायची नाही. पण शब्द टाकतो."

कारण मी विचार करून ठेवला होता. हा घरी गेला असता तर खाडीपलीकडे बसून काय वाटेल ते बोलला असता, आणि मी इथे. त्यापेक्षा तो माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे, आणि माझ्या हाताखाली. त्याच्यापुढे माझा फोन सरकवला. म्हटलं, घरी लाव, आवाज मोठा कर आणि बायकोला सांग थंड पाणी कोणी घातलं. आणि म्हण की संध्याकाळच्या आत माझ्या घरी जाऊन सांगून ये.

त्याने लावला. तीनदा सुरुवात करून घराच्या कामावर घसरला. तिकडून त्याची बायको विचारत राहिली, "अवो, काय झालं, तुमी असं काय बोलताय?" त्याने शेवटी सांगितलं. मी माझा चहा संपवला. मग मुदीरकडे जाऊन म्हटलं, याला पाठवू नका, मदतनीस म्हणून मला द्या. मुदीरने होकार दिला. त्याला वाटलं काय मोठ्या मनाचा म्हातारा आहे. लोकांना वाटायचं ते वाटू दे.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजर पढून मी बाजारात गेलो. तो माझ्या आधी येऊन उभा होता. गाडीचं पातं मी खाली घेतलं आणि मैदान खरवडायला लागलो. एक फेरी, दुसरी, तिसरी. त्याचे थर पांढरे होते, दुधाळ, त्यामुळे कुठे त्याचं संपतं आणि कुठे माझं सुरू होतं ते दिसत होतं. गाडी भरली की मागच्या दाराशी रिकामी करायची, आणि तो फावड्याने बर्फाचा भुसा उन्हात ओढायचा. डांबरावर वीतभर धूर निघायचा आणि पाणी व्हायचं. मी त्याला सांगितलं होतं, पूर्ण पाणी झाल्याशिवाय आत यायचं नाही, बघत उभं राहायचं. नऊ वाजेपर्यंत त्याच्या हाताचा एक कणही मी मैदानावर ठेवला नाही. खाली माझा जुना बर्फ लागला, निळसर, तळाशी रंगवलेल्या खेळाच्या लाल रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्यावर गरम पाण्याचा हात फिरवला.

मग तो रोजच्या कामाचा कागद घेऊन आला. इंग्रजीत. पेन पुढे केलं. त्याचे हात सोलून निघाले होते.

मी पेन घेतलं, टोपण काढलं, आणि म्हटलं, "आधी वाचून दाखव. मराठीत."

त्याने वाचलं. तारीख, वेळ, पाणी गरम, बर्फ चांगला. बंगाली उभे होते, फिलिपिनो उभा होता.

"परत वाच," मी म्हटलं, "हिंदीत."